टॉकीजपाशी

मोहाडखेडच्या बाजारपेठेचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा जाहीर झाला, त्या दिवशी ज्योत्स्ना बोंद्रेच्या दुकानात दुरुस्तीला तीन कुकर, एक मिक्सर आणि एक गॅसची शेगडी आली होती. मिक्सरचं भांडं खोलून तिनं पात्याखालचं रबर काढलं, नाकाशी धरलं, जळकं निघालं म्हणून फेकून दिलं, हात पुसले आणि मगच समितीनं दिलेला टॅब उघडला. आपलं दुकान आराखड्यात कुठं दाखवलंय ते तिला बघायचं होतं. फार शोधावं लागलं नाही. दुकान त्यात नव्हतंच.

दुकानाच्या जागी एक पिवळा चौकोन होता. शेजारच्या मुनाफभाईंच्या सायकल स्टँडला वळसा घालून तो बरोबर तिच्या शटरवर येऊन बसला होता. आत लिहिलं होतं: टॉकीज. आसने दोनशे चाळीस.

"अगं बाई!" ज्योत्स्ना एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की समोरचं गिऱ्हाईक दचकलं.

आता हा घोळ कळायचा तर थोडं मागं जायला हवं. या गावात बाजारपेठेचे आराखडे पूर्वीही तीनदा झाले होते. सभा व्हायची संध्याकाळी सातला, म्हणजे बायका चुलीपाशी असताना. यायचे तेच ते पाच जण, ज्यांचा आवाज मोठा. तिन्ही आराखड्यांत बायकांसाठी स्वच्छतागृह कागदावर होतं, आणि तिन्ही वेळा ते कुणा ना कुणाच्या मेव्हण्याच्या दुकानासमोर येतंय म्हणून उडालं. सकाळी नऊला दुकान उघडल्यापासून दुपारी दोनला घरी जेवायला जाईपर्यंत ज्योत्स्ना पाणी प्यायची नाही. सव्वीस वर्षं हाच नेम. पेठेतल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं, पुरुषांपैकी एकालाही नव्हतं. म्हणून पालिकेनं सात रहिवाशांची नियोजन समिती काढली तेव्हा हिनं पहिल्याच दिवशी नाव दिलं.

या खेपेला सभा नव्हत्या. या खेपेला 'कानोसा' होता.

कानोसा म्हणजे विजेच्या खांबांवर बसवलेल्या तळहाताएवढ्या डब्या, आणि ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या फोनमधला तेवढाच एक कान. माणसं दिवसभर जे बोलतात त्यातून ही डबी तीन गोष्टी वेचायची: कुठं, कधी आणि कशासाठी. 'चारला दवाखान्यात जायचंय', 'डाळ घ्यायला किराण्यात गेली', 'बस स्टँडवर ये'. एवढं वेचून झालं की आवाज तिथल्या तिथं पुसला जायचा. कोण बोललं ते यंत्राला कळत नसे. ज्याचं त्याला मात्र स्वतःच्या फोनवर स्वतःचं बोलणं आकड्यांत बघता येई. वर्षभरात अशी काही लाख वाक्यं जमली, की त्यांतून गावाचा एक वेगळाच नकाशा तयार व्हायचा. त्यात रस्ते नसत, ओढ असे. कोणती जागा माणसांना किती जोरात ओढते, किती लांबून ओढते, दिवसाच्या कोणत्या वेळी ओढते. मग त्या ओढीवर यंत्र पुढची तीस वर्षं खेळून बघायचं. दुकान इथं हलवलं तर काय, रस्ता तिथून नेला तर काय, असं दहा हजार वेळा. आणि ज्या खेळात माणसांची पायपीट सगळ्यांत कमी आणि गाठीभेटी सगळ्यांत जास्त, तो आराखडा पुढं ठेवायचं.

यंत्र हुशार होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. रोज दुपारी चारेकशे बायका 'घरी जाऊन येते' म्हणतात आणि पंचवीस मिनिटांत परत पेठेत येतात, हे त्यानं ताडलं. का, ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं. आराखड्यात पिवळ्या चौकोनाच्या मागं एक निळा चौकोन होता: स्त्रियांसाठी स्वच्छतागृह. कुणाच्या मेव्हण्याला न विचारता.

आणि समितीचा नियम एकच होता: अर्ज नको, बोलणं हवं. आक्षेप घ्यायचा तोही पंचेचाळीस दिवसांत, रोजच्या बोलण्यातूनच. कागद, निवेदन, मोर्चा काही चालणार नाही. या नियमासाठी समितीत सगळ्यांत जास्त भांडलं कोण? ज्योत्स्ना बोंद्रे.

पालिकेची नियोजन अभियंता आर्या इंगळे दुपारीच दुकानात आली. सत्तावीस-अठ्ठावीसची पोर, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेली. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "ताई, गावात सगळ्यांत जास्त घेतलं जाणारं नाव टॉकीजचं आहे. बस स्टँडच्या दुप्पट."

"अगं, पण टॉकीज आहे कुठं? मनोरमा टॉकीज पडून तीस वर्षं झाली. पत्रेसुद्धा लोकांनी नेले. मोकळ्या जागेवर मी दुकान टाकलं."

"मला आजच कळलं. मला वाटायचं या चौकाचंच नाव टॉकीज आहे. मीही तसंच म्हणते."

"मग यंत्राला नाही कळत, इथं काही नाही ते?"

"कळतं ना. उपग्रहाच्या फोटोत त्याला टॉकीज दिसली नाही." आर्यानं सावकाश समजावलं. "ज्या जागेचं नाव लोक रोज घेतात आणि जी गावात नाही, ती त्यांना हवी आहे, असं यंत्र धरतं. दुसऱ्या एका गावात लोक सारखे 'वाचनालयात बसू' म्हणायचे, आणि वाचनालय कधीच बंद पडलं होतं. यंत्रानं ते परत मांडलं. आज तिथं बसायला जागा नसते. म्हणजे रीत चुकीची नाही. फक्त, जी जागाच नाही तिच्यापाशी एवढी माणसं रोज भेटतात, हे त्याला शिकवलं नव्हतं."

"मग तो शब्द काढून टाक."

आर्यानं मान हलवली. "हातानं एक शब्द काढला, की उद्या कुणीतरी फोन करून दुसरा काढायला लावेल. तो दरवाजा बंद ठेवा, असं तुम्हीच लिहून घेतलंय, ताई."

ज्योत्स्नानं कपाळाला हात लावला. मग उगाच, राग कुठं काढावा ते न कळून, तिनं स्वतःचा आकडा उघडला. वर्षभरात तिनं 'टॉकीजपाशी' हा शब्द चार हजार शंभर वेळा उच्चारला होता. गिऱ्हाइकांना पत्ता सांगताना, माल आणणाऱ्याला, रिक्षावाल्याला, बहिणीला. स्वतःच्या दुकानाचं नाव घेतलं होतं नऊ वेळा, त्यातलं सहा वेळा वीज कंपनीला.

तिनं फोन पालथा ठेवला आणि पुढचा कुकर ओढला. आर्या शहाणपणानं स्टुलावरून उठली.

संध्याकाळी नवरा प्रमोद तिला न्यायला आला. जिल्हा बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे एक काम त्यानं स्वतःहून अंगावर घेतलं होतं. शटर ओढता ओढता फोनवर कुणाला तरी म्हणाला, "हाव, येतो ना. बायकोला घ्यायला टॉकीजवर आलो."

"बघा!" ज्योत्स्ना कडाडली. "सव्वीस वर्षं मी इथं बसते. ऊन नाही, थंडी नाही. आणि तुम्ही नवरा असून मला टॉकीजवर बसवता!"

"अगं, मग काय सांगू?"

"बायकोच्या दुकानात आलो, असं सांगा."

प्रमोदनं खरंच विचार केला. "दुकान तर आहेच ना," तो शेवटी म्हणाला. "जे रोज समोर दिसते त्याचं नाव काहून घ्यायचं?"

ज्योत्स्नानं कुलूप लावलं आणि पुढं चालू लागली. तिला वाईट वाटलं होतं ते दुकान जाण्याचं कमी, आणि आपलं नाव एवढ्या वर्षांत कुणाच्या जिभेवर बसलं नाही याचं जास्त. हे मात्र तिनं प्रमोदला सांगितलं नाही.

मोहीम काढली मुनाफभाईंनी. सायकल स्टँडवर दिवसाला तीनशे माणसं येतात-जातात, म्हणजे तोंडं भरपूर. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं, "भाभीच्या दुकानाचं नाव घ्यायचं. ज्योत्स्नाताईच्या दुकानापाशी ये, असं म्हणायचं. पंचेचाळीस दिवस. कोणाची जीभ झिजत नाही."

लोक चांगले होते. कुणाच्या ना कुणाच्या घरचा कुकर तिच्या हातून शिट्टी द्यायला लागला होता. सगळ्यांनी मनावर घेतलं. पण सवय ती सवय! माणूस फोन लावायचा, छाती फुगवून म्हणायचा, "ज्योत्स्नाताईच्या दुकानापाशी ये." पलीकडून प्रश्न यायचा, "ते कुठी आलं?" आणि हा म्हणायचा, "अरे बाप्पा, टॉकीजपाशी!"

त्याहून मोठी गंमत पुढंच होती. कुणी चुकून टॉकीज म्हटलं, की दहा जण त्याच्या अंगावर जायचे. "टॉकीज म्हणायचं नाही ठरलं ना?" "मी कुठी टॉकीज म्हटलं?" "आत्ता टॉकीज म्हटलंस!" खांबावरची डबी शांतपणे मोजत होती. एका भांडणात तीन, कधी पाच. चहाच्या टपरीवर तर खेळच सुरू झाला: जो टॉकीज म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. टपरीवाल्याचा धंदा वाढला आणि शब्दही.

तिसाव्या दिवशी आर्या आली आणि स्टुलावर न बसता उभ्याउभ्याच म्हणाली, "ताई, मोहीम थांबवा. रोज एकोणीसशे वेळा व्हायचं, ते एकतीसशेवर गेलंय. यंत्रानं आसनं वाढवून तीनशे केलीत."

ज्योत्स्ना आधी तिच्याकडे बघत राहिली आणि मग जी हसत सुटली, की हातातला पाना खाली पडला. मुनाफभाई धावत आले. त्यांना कारण कळलं तेव्हा ते मात्र हसले नाहीत. "मीच घाण केली, भाभी," म्हणाले, आणि डोळे पुसत स्टँडवर परत गेले.

सहीचा दिवस उजाडला. पालिकेच्या सभागृहात सहा सदस्यांचे अंगठे टॅबवर उमटले होते. सातवा बाकी होता. सातही अंगठे नसतील तर आराखडा रद्द आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ज्योत्स्ना ठरवूनच आली होती, अंगठा द्यायचा नाही. पिढीजात नसेल, पण दुकान तिनं हातानं उभं केलं होतं. माझ्या जागेवर माझ्याच सहीनं नांगर कशाला फिरवून घेऊ, असं तिनं प्रमोदलाही सांगून ठेवलं होतं.

टॅब समोर आला तेव्हा तिनं आर्याला विचारलं, "एक सांग. टॉकीज वगळून निळा चौकोन राहतो का?"

आर्यानं उत्तर देण्याआधी खाली बघितलं. "करून पाहिलं, ताई. मला वाटलंच होतं तुम्ही विचाराल. यंत्राच्या टॉकीज नसलेल्या खेळांत स्वच्छतागृह बांधलं जातं. पण मागं वर्दळ नसते, दिवा नसतो, पाणी भरायला माणूस राहत नाही. बायका जात नाहीत. चार वर्षांत दाराला कुलूप लागतं आणि आत कुणीतरी बारदान भरतं. जवळपास प्रत्येक खेळात."

"आणि टॉकीज असली तर?"

"तर तीस वर्षं उघडं राहतं."

सभागृहात पंखे फिरत होते. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "ताई, तुमच्यावर जबरदस्ती नाही." सगळे तिच्याकडे बघत होते आणि सात सदस्यांत ती एकटी बाई होती. ज्योत्स्नाचा घसा कोरडा पडला होता. सकाळपासून पाणी प्यायली नव्हती, नेहमीसारखीच. तिला एकदम संताप आला, यंत्राचा नाही, कुणाचाच नाही, त्या कोरड्या घशाचा. तिनं अंगठा टेकवला.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ती रडली. प्रमोद शेजारी उभा राहिला.

दुकान नाल्यापलीकडच्या नव्या ओळीत गेलं. गाळा क्रमांक चौदा. जागा मोठी, उजेड भरपूर, पंखा पालिकेचा. जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, ताई, कुठं गेलात? आणि ज्योत्स्ना सांगायची, "नाल्यापलीकडं, जकात नाक्यापाशी." जकात नाका तिच्या लग्नाच्याही आधी उठला होता. पण लोक बरोबर पोचायचे.

अडीच वर्षांनी टॉकीज उघडली. दुपारी पडद्यावर काही नसलं तरी दार उघडं असायचं, आणि बाजाराला आलेली माणसं आत गारव्याला बसायची. उद्घाटनाला ज्योत्स्ना गेली नाही. आठवड्यानं, एका मंगळवारी, अकरा वाजता ती दुकानात बसून तांब्याभर पाणी प्यायली. मुद्दाम. मग चालत जुन्या जागी गेली, टॉकीजला वळसा घालून मागच्या निळ्या फरश्यांच्या दारातून आत गेली. स्वच्छ होतं. नळाला पाणी होतं. साबण होता. आतल्या तीन बायका आपापसांत लग्नाच्या याद्यांवर बोलत होत्या, घाई कुणालाच नव्हती. हात धुताना ज्योत्स्नानं आरशात बघितलं आणि स्वतःलाच म्हणाली, "झालं बाई एकदाचं."

ओले हात पदराला पुसत ती पुढच्या पायऱ्यांपाशी आली. एक बाई फोनवर बोलत होती. "अगं, मी पोचले. ज्योत्स्नाताईच्या दुकानापाशी उभी आहे. हाव, पायऱ्यांवरच. ये लवकर."

ज्योत्स्ना जागच्या जागी थांबली. त्या बाईला ती ओळखत नव्हती. बाईनंही हिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं एक भाजीवाला गाडी लावता लावता दुसऱ्याला ओरडून म्हणाला, "ज्योत्स्नाताईच्या दुकानापाशी सावली आहे, तिथं लाव!"

मुनाफभाई स्टँडवरून बघतच होते. "दुकान पाडलं त्या दिवसापासून चालू आहे, भाभी," ते म्हणाले. "सगळेच म्हणून राह्यले. मी बी म्हणतो. पंचेचाळीस दिवस जीव काढला तेव्हा कोणाच्या तोंडात बसलं नाही."

ज्योत्स्नाला हसू आलं आणि रडूही. एवढा आनंद तिला दुकानाचं पहिलं कुलूप उघडतानाही झाला नव्हता. जाताना ती मुद्दाम हळू चालली, आणखी कुणी म्हणतंय का ते ऐकत. आणखी दोघे म्हणाले.

आर्याचा फोन त्याच महिन्यात आला. आराखड्याचा दर तीन वर्षांनी फेरआढावा असतो, त्याची यादी आली होती. आर्याचा आवाज चाचरत होता.

"ताई, पहिल्या क्रमांकाची जागा आहे 'ज्योत्स्नाताईचं दुकान'. शेरा आहे: सध्या अस्तित्वात नाही, तातडीनं उभारावं. यंत्र म्हणतंय, टॉकीज पाडून तिथं तीनशे चौरस मीटरचं तुमचं दुकान बांधा."

"काय सांगतेस!"

"आणि टॉकीज गेली की..."

"निळा चौकोनही जातो," ज्योत्स्नानं वाक्य पूर्ण केलं. "कुलूप, मग बारदान."

"हो. पण तुमच्या प्रकरणानंतर एक नवा नियम झालाय. एखादा शब्द कुणा माणसाचं नाव असेल, तर त्या माणसाच्या सहीनं तो नकाशातून काढता येतो. दुसऱ्या कुणाच्या नाही. मुदत सात दिवस." आर्या थांबली. "ताई, सही झाली की यंत्र ते नाव इथं पुन्हा कधीच ऐकणार नाही. पुढच्या आढाव्यातही नाही. लोक म्हणाले तरी."

"मला सातही दिवस दे," ज्योत्स्ना म्हणाली.

रोज अकराला गाळा क्रमांक चौदाचं शटर अर्धं ओढून ती निघायची आणि टॉकीजच्या पायऱ्यांवर सावलीला येऊन बसायची. बरोबर पाण्याची बाटली. कुणी विचारलं तर म्हणायची, पाय मोकळे करायला आले. सहा दिवस तिनं ऐकून घेतलं. रिक्षावाल्यांकडून, कॉलेजच्या पोरींकडून, तिचं तोंडही न पाहिलेल्या माणसांकडून. हिशेब ठेवला नाही, नुसतं ऐकलं. प्रमोद एकदा शोधत आला तेव्हा फोनवर म्हणत होता, "बायको कुठी असणार, तिच्या दुकानापाशीच." तेही तिनं ऐकलं.

सातव्या दिवशी दुपारी तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन संपवलं, फोन काढला आणि आर्यानं पाठवलेल्या चौकोनात अंगठा टेकवला. 'नाव वगळले' अशी अक्षरं आली आणि गेली.

ती उठणार एवढ्यात खेड्यावरून आलेली एक बाई समोर उभी राहिली. हातातल्या पिशवीतून मिक्सरचं भांडं डोकावत होतं. "काहो बाई, ज्योत्स्नाताईचं दुकान इथीच ना?"

"नाही हो," ज्योत्स्ना म्हणाली. "ही टॉकीज आहे."

बाईचा चेहरा उतरला. ज्योत्स्नानं हात पुढं करून भांडं घेतलं, पातं फिरवून पाहिलं, नखानं खालचं रबर काढलं आणि नाकाशी धरलं.

"जळलंय," ती म्हणाली. "चला माझ्यासोबत. जकात नाक्यापाशी दुकान आहे माझं."